कॉमाचा ठोका

प्रिय चिमणे,

हा चौथा कागद. आधीचे तीन मी फाडले आणि आमच्या ह्यांनी ते घड्याळांचे बारीक स्क्रू गुंडाळायला उचलले. हाही फाडलास तर यापुढे पाकिटाच्या मागे लिही, असं मघाशी मला सुनावून गेले. सकाळपासून माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. दोन ओळी लिहिते, उठते, खिडकी उघडते, धूळ येते म्हणून लावते, परत बसते. चहाचं पाणी ठेवलं होतं, ते आटून भांडं करपलं. ह्यांनीच येऊन गॅस बंद केला आणि भांडं भिजत घातलं.

सोळा महिन्यांत मी तुला एक साधी चिठ्ठी धाडली नाही, आणि आज एकदम पत्र म्हटल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. सरळ फोन का नाही केला, असंही म्हणशील. ते शेवटी सांगते. आधी निरोप देते, कारण तो माझा नाही, मालकांचा आहे. प्रेसमध्ये शाळेच्या इंग्रजी पुस्तकांचं मोठं काम आलंय, आठ इयत्तांची आठ पुस्तकं. तू गेल्यावर मालकांनी सगळी तपासणी कॉम्प्युटरवर टाकली होती, पण गेल्या दोन कामांत त्यांचा त्यावरचा विश्वास पार उडाला. त्यांना टेबलावर पुन्हा दोन माणसं हवीत, एक वाचणारी आणि एक तपासणारी. सोमवारी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बाई, चिमणीला परत बोलवावं म्हणतोय. पण मागचं प्रकरण मी विसरलेलो नाही. तुमचा तिच्यावर भरवसा असेल तरच बोलवीन. शनिवारी दुपारपर्यंत सांगा." आज गुरुवार आहे. मी कालपासून रजा टाकून घरी बसले आहे, आणि बसले म्हणणंही खोटंच.

तुझं कळत असतं मला. कुरियरच्या ऑफिसात पार्सलांचे पत्ते टाइप करतेस म्हणे. तुझ्यासारखी वाचणारी आणि नुसते पिनकोड बडवतेय, हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दोन प्रेसनी तुला दारातूनच परत पाठवलं, तेही कळलं. त्या पुस्तकाचं नाव निघालं की पुढचं बोलणं संपत असणार. आपल्या धंद्यात माणसं थोडी आणि सगळ्यांना सगळं माहीत. म्हणजे बघ, शनिवारच्या माझ्या एका हो किंवा नाहीवर तुझं नाव अडकलंय, आणि ते माझ्या हातात असावं यासारखा उलटा न्याय नाही. का ते येईलच पुढे.

मालकांनी जाता जाता आणखी एक काम गळ्यात घातलं. कंपोझिंगला नव्या मुली घेतल्यात, त्यांच्यासाठी एका पानाचा कागद करून द्यायचा: इंग्रजी वाक्यात कोणत्या शब्दांना दोन्ही बाजूंनी कॉमा द्यायचा आणि कोणत्यांना नाही. मंगळवारी दिवसभर तेच केलं. तुला हसू येईल, मला एवढं सगळं येतं हे मलाच माहीत नव्हतं. तीस वर्षं हात आपोआप चालत होता, त्याला कधी कारण विचारलं नव्हतं. मग एकेक नियम आठवत गेला. 'हाउएव्हर' किंवा 'ऑफ कोर्स' वाक्याच्या मध्ये येऊन बसला, तर तो अलगद उचलून बघायचा. त्याच्यावाचून वाक्य उभं राहिलं, तर तो पाहुणा, त्याला दोन्हीकडून कॉमा. वाक्य कोलमडलं, तर तो घरचा माणूस, त्याला कॉमा नाही. कुणाला नावाने हाक मारली असेल, तर त्या नावालाही कॉमा. 'सुद्धा' अशा अर्थाचा 'टू' मध्ये आला तर दोन्हीकडून, शेवटी आला तर काही नाही, ही आपल्या प्रेसची मालकांच्या वडिलांपासूनची रीत. आणि सगळ्यात खाली लाल शाईने लिहिलं की शब्दाच्या अलीकडे कॉमा दिलात तर पलीकडचा विसरू नका, एका कडीचं दार लागत नाही.

खरी पंचाईत उदाहरणांची झाली. 'माय सिस्टर' म्हटल्यावर पुढे नाव आलं, तर बहीण एकच असल्यास नावाला कॉमा, कारण नाव न सांगताही कोण ते कळतंच. बहिणी तीन असतील तर कॉमा नाही, कारण नावाशिवाय कुठली ते कळणार कसं. एवढं सोपं, पण उदाहरण म्हणून जे वाक्य सुचेल त्यात तूच. माझी मैत्रीण, जी पेन्सिल दातात धरते. माझी मैत्रीण, जी वाचताना पाय हलवते. हे दोन्ही तुकडे कॉमांमध्ये घालावे लागतात, कारण मला मैत्रीण एकच. कागदावर हे असं नियम म्हणून लिहिलेलं पाहिलं आणि माझं डोकंच चालेना. शेवटी सगळी उदाहरणं खोडून डॉक्टर, शिंपी आणि शेजाऱ्याचं कुत्रं घातलं.

नव्या मुलींना आपली पद्धत सांगितली तर खऱ्याच वाटेनात. एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसरीने समोरच्या प्रुफावर नजर ठेवून ऐकायचं, आणि खुणा तोंडाने न सांगता टेबलावर वाजवायच्या. एक ठोका कॉमा, दोन ठोके पूर्णविराम, प्रश्नचिन्हाला पेन्सिल लाकडावर खर्रकन ओढायची. ठोका ऐकू आला आणि प्रुफावर कॉमा नसला, तर तपासणारीने लाल पेनाने तो घालायचा. तू पहिल्या आठवड्यात इतक्या भरभर टकटक करायचीस की मालक दारातून म्हणाले, ही वाचणारी आहे की दाणे टिपणारी चिमणी. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. लाल पेन मात्र माझ्या हातात. तपासणारी म्हणजे थोरली, वाचणारी म्हणजे धाकटी, असाच शिरस्ता होता, आणि मला त्या पेनाचा ताठा होता हे आता कबूल करते.

आणि मग ते पुस्तक. तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहून काढायचंय. एका निवृत्त मास्तरांचं इंग्रजी व्याकरण. त्यातला अकरावा धडा नेमका याच विषयावर, कोणत्या शब्दांभोवती कॉमा द्यायचे. मास्तरांनी ते कॉमा हस्तलिखितात मागाहून घातले होते, फिक्या पेन्सिलीने, आणि कंपोझ करणाऱ्या मुलीला ते दिसलेच नाहीत. त्यामुळे प्रुफात 'चुकीचं वाक्य' आणि त्याखालचं 'बरोबर वाक्य' अक्षर न अक्षर सारखं. पंधरा पानं तशीच. ती पकडायला तर आपलं टेबल होतं. तसं पुस्तक छापून शाळांत गेलं. एका शिक्षकांनी लिहिलं की फरक ओळखता यावा म्हणून सोबत भिंग पुरवणार आहात का. सगळ्या प्रती परत मागवाव्या लागल्या, आणि मास्तरांनी पुन्हा आपल्या प्रेसचं तोंड पाहिलं नाही.

त्या दुपारी मालक आपल्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच वाईट होतं. एवढंच विचारलं की ठोके दिले होते का. तू माझ्याकडे पाहिलंस. मी प्रुफांचा गठ्ठा उभा धरून त्याच्या कडा सारख्या करायला लागले. आधीच सारख्या असलेल्या कडा मी किती वेळ सारख्या करत होते, देव जाणे. मग तू म्हणालीस, "राहिले असतील माझ्याकडून." आणि मी मूग गिळून बसले. तू डबा, छत्री आणि खुर्चीवरची ती छोटी उशी घेऊन गेलीस, आणि मी दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले.

मी स्वतःची समजूत घातली होती, चिमणे. खरंच राहिले असतील, असं स्वतःला इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे ते मला पटायला लागलं. त्या आठवड्यात मशीनखोलीत नवीन मशीन बसवत होते, दार सताड उघडं, नुसता दणदणाट. तू म्हणाली होतीस की ताई, मागच्या खोलीत बसू. मी म्हटलं, मला काही अडत नाही. अकराव्या धड्याला तू दर ओळीला थांबून "घेतला ना?" विचारायला लागलीस. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी फाडकन बोलले, "मला शिकवू नकोस. वाच." ते आठवतं का तुला? मला आठवत नाही, असंही मी वर्षभर स्वतःला सांगून पाहिलं. पण तुझा तो एकदम खाली गेलेला चेहरा काही जात नाही. त्यानंतर तू एकदाही विचारलं नाहीस.

आता उठते. पाय थांबत नाहीत. ह्यांनी बाहेरच्या खोलीत चार भिंतघड्याळं दुरुस्तीला लावलीत, ती बघून येते.

बघून आले. घड्याळांवरूनच पुढचं सांगते. ह्यांच्या घड्याळांवरून मी लग्नानंतर किती कटकट केली असेल, तू साक्षीदार आहेस. एकाच खोलीत सात घड्याळं सात तऱ्हेने टिकटिकतात, माणसाने झोपावं कसं, हे माझं रोजचं तुणतुणं. हे म्हणतात, चार वर्षांपूर्वी ते तुणतुणं बंद पडलं. त्यांना आधी वाटलं बायको शहाणी झाली. मग एकदा मी आत असताना त्यांनी माझ्या डाव्या बाजूला येऊन गजर वाजवला आणि मी मान वर केली नाही. त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टीव्हीचा आवाज वाढत गेला, दाराची घंटा 'बिघडली', शेजारीण 'तोंडातल्या तोंडात बोलायला लागली'. सगळ्या जगाचा दोष होता, फक्त माझा नव्हता.

गेल्या महिन्यात ह्यांनी दंडाला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. चिमणे, ते आवाज म्हणजे अगदी ठोके होते, बारीक, तुझ्या पेन्सिलीसारखे. उजवीकडून येत होते तेव्हा मी दाबत होते. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं, म्हणून मी अंदाजाने दाबत राहिले. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघून हसली, पण ते हसणं दया येणाऱ्या माणसाचं होतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद दाखवला. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवाही उतरणीला, आणि हे आजचं नाही, सहा-सात वर्षांचं असणार. मी तिथेच मनात वजाबाकी केली.

म्हणजे ठोके तू दिले होतेस. एकूण एक. मीच ऐकले नाहीत. ही एक ओळ लिहिण्यासाठी तीन कागद गेले. आता थांबते. पुढचं उद्या.

शुक्रवार. रात्रभर पत्र टेबलावर होतं, ह्यांनी त्यावर घड्याळ ठेवलं होतं, फाडू नये म्हणून. मी आत्ताच प्रेसमधून आले. चप्पल काढली आणि थेट लिहायला बसले, कारण मंगळवारची एक गोष्ट तुला सांगायचीच राहिली आहे.

मंगळवारी माझ्या खुर्चीचा पाय निखळला होता, म्हणून तो कॉमाचा कागद लिहायला मी तुझ्या खुर्चीवर बसले. टेबलाच्या उजव्या टोकाला, तू शेवटची तीन वर्षं बसायचीस तिथे. आधीची नऊ वर्षं तू माझ्या डाव्या हाताला, खिडकीकडे पाठ करून बसायचीस. मग एके दिवशी म्हणालीस, ताई, मला उन्हाचा त्रास होतो, मी पलीकडे बसते. मी तुला नाजूक म्हणाले होते. मंगळवारी तीन वाजले आणि समोरच्या खिडकीतून ऊन सरळ माझ्या डोळ्यांत आलं. मला समोरचं अक्षर दिसेना. डाव्या खुर्चीवर ऊन नुसतं पाठीवर येतं, चिमणे. त्रास उजव्या खुर्चीला आहे. तीन वर्षं तू दुपारभर डोळे बारीक करून वाचत होतीस, आणि मी तुला चष्म्याचा नंबर काढून ये म्हणून चिडवत होते. मी डोळ्यांवर हात धरला आणि दुसरा हात टेबलावर टेकला, तर बोटांखाली खळगे लागले. टेबलाच्या उजव्या कडेला लाकूड ठिकठिकाणी टोचल्यासारखं झालंय. डावीकडे जाऊन चाचपलं, तिथे नऊ वर्षांत एकही नाही. मग आठवलं. तू आधी पेन्सिलीने ठोके द्यायचीस, मग पेनाच्या मागच्या टोकाने, मग घराच्या किल्लीने. मी एकदा म्हटलंही होतं की टेबल फोडणार आहेस का. तू हसलीस आणि किल्ली काही खाली ठेवली नाहीस.

तुला माहीत होतं. माझ्या आधी माहीत होतं, ह्यांच्याही आधी असेल. माझा चांगला कान कुठला हे ओळखून तू जागा बदललीस, माझं लाल पेन जाऊ नये म्हणून ऊन डोळ्यांवर घेतलंस, आणि मालक समोर उभे असताना एका शब्दाने माझं सगळं उघडं पाडू शकली असतीस, ते पाडलं नाहीस. तू थांबून थांबून "घेतला ना?" विचारलंस ते मला शिकवायला नव्हतं. मला लाज वाटते. यापेक्षा मोठा शब्द माझ्याकडे नाही, असता तरी तो वापरून मी सुटले असते असं नाही.

आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं. कानाचा कागद दाखवला, खुर्चीचं सांगितलं, त्यांचा हात धरून टेबलावरून फिरवला. त्यांनी एकेका खळग्यात बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "आणि तुम्ही सोळा महिने गप्प?" मी हो म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथे प्रेसच्या कागदावर तुझ्यासाठी लिहून दिलं की त्या पुस्तकातली चूक वाचणारीची नव्हती. सही, शिक्का सगळं आहे. ते सोबत जोडलंय. मी त्यांना म्हटलं की भरवसा माझ्यावर ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण तिच्यावर ठेवायला माझी साक्ष नको. सोमवारपासून तुझी जागा मोकळी आहे. आणि मी आणखी एक मागून घेतलं, ते त्यांनी दिलं, तू दिलंस तरच मिळेल. चिमणे, वाचणारीला कान लागत नाहीत, डोळे आणि घसा लागतो, आणि ते दोन्ही माझे अजून शाबूत आहेत. हे आपल्याला इतकी वर्षं सुचलं नाही, कारण थोरलीने लाल पेन सोडायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. आता मी वाचेन, ठोके मी देईन, उन्हाच्या खुर्चीवर मी बसेन. लाल पेन डाव्या खणात ठेवलंय, तुझ्या. यायचं नसेल तर येऊ नकोस, मालकांचं पत्र घे आणि पाहिजे त्या प्रेसच्या दारात ताठ उभी राहा, त्यावर माझा काही हक्क नाही. पण जे असेल ते मला लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं मी अंदाजाने भरते, आणि तुझ्या बाबतीत एकदा ते करून झालंय. हे उत्तर मला पूर्ण हवंय.

अजूनही तुझीच,
ताई